नदीकाठच्या बागेत पक्का मंडप: नागपूरच्या काळ्या मातीत, पायापासून कौलापर्यंत

बागेतला मंडप म्हणजे आठ खांब आणि वर छत, असं समजून बरीच कामं घाईत सुरू होतात. भिंती नाहीत, मजले नाहीत, वजन किरकोळ, मग पाया कशाला एवढा खोल? नागपुरात नेमकं इथेच चुकतं. काळी माती पावसात फुगते तेव्हा दुमजली घराचं वजन तिला थोडंफार दाबून धरतं. मंडपाला ते वजनच नसतं. त्यामुळे माती त्याला खालून उचलते, वळवाचा वारा छताखाली शिरून वर उचलतो आणि पुराचं पाणी बाजूनं ढकलतं. घराचा पाया भार पेलण्यासाठी असतो, तर मंडपाचा पाया त्याला जमिनीशी धरून ठेवण्यासाठी. पुढची सगळी मापं या एका गोष्टीवरून काढली आहेत.

उदाहरणासाठी एकच मंडप धरू. खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ९ मीटर लांब, ६ मीटर रुंद. दोन ओळी, प्रत्येकी चार खांब, दोन खांबांत ३ मीटर अंतर. छताची वळचण चारही बाजूंनी ९०० मि.मी. बाहेर, म्हणजे छत १०.८ × ७.८ मीटर. जोतं १०.२ × ७.२ मीटर. सकाळचा योगवर्ग किंवा भजनी मंडळ असं साठ-सत्तर माणसांचं बसणं यात नीट होतं. खालची मापं अंदाजपत्रक आणि देखरेखीसाठी आहेत. अंतिम नकाशा माती-तपासणीच्या अहवालावरून स्ट्रक्चरल इंजिनिअरनंच करायचा.

जागा: आधी पूररेषा, मग नजारा

महाराष्ट्रात नदीकाठाला जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध क्षेत्र. तिथे हिरवळ, पायवाट, खेळाचं मैदान चालतं, पक्का मंडप नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या नियंत्रित क्षेत्रात बांधायचं तर जोत्याची पातळी लाल रेषेच्या वर किमान ४५० मि.मी. ठेवावी लागते. म्हणून पहिला कागद आर्किटेक्टच्या चित्राचा नसावा. जागेचा समपातळी नकाशा काढून त्यावर दोन्ही रेषा उतरवून घ्याव्यात.

रेषांच्या जोडीला काठावरच्या खुणा बघा. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत १०० मि.मी.हून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. त्या पाण्याच्या रेघा अनेक भिंतींवर राहिल्या, नसल्या तर शेजारच्या घरांतले लोक बोटानं दाखवतात. अशी खूण सापडली की डंपी लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून तिची उंची नकाशावर चढवा. खूण लाल रेषेच्या वर निघाली, तर जोतं त्या खुणेवरून ठरवा.

लाल रेषा जमिनीपासून दीड मीटर वर येत असेल तर तो कोपरा सोडून द्यावा. भर टाकून टेकाड करण्याचा मोह होतो, पण नदीच्या पात्रात टाकलेली प्रत्येक गाडी मुरूम समोरच्या काठावरच्या घरांत पाणी घालते. तसं टेकाड करू नये, कोणी सुचवलं तरी.

संरक्षक भिंतीपासूनचं अंतरही मोजून ठेवा. भिंत ३ मीटर उंच असेल तर सगळ्यात जवळचा पाया तिच्यापासून किमान ५ ते ६ मीटर आत हवा. जवळ खणलं तर भिंतीमागची माती सुटते. २०२३च्या पुरात नाग नदीच्या संरक्षक भिंती अनेक ठिकाणी ढासळल्या होत्या. अशा भिंतीच्या अंगावर पाया टेकवणं म्हणजे तिच्याबरोबर मंडपही नदीला देणं.

दिशा ठरवताना लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा. नागपूर सुमारे २१ अंश अक्षांशावर आहे. मेच्या शेवटी आणि जुलैच्या मध्यानंतर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, तेव्हा छत पुरतं. छळतं ते संध्याकाळी चार-साडेचारनंतरचं पश्चिमेचं, किंचित उत्तरेकडे कललेलं ऊन. त्या अंगाला अरुंद बाजू दिली की ऊन आत येण्याची वाट एक-तृतीयांशानं कमी होते. पश्चिमेच्या त्रिकोणी तोंडाला २.१ मीटरच्या वर तिरप्या पट्ट्यांची जाळी बसवा आणि त्या बाजूला ८ मीटर अंतर सोडून करंज किंवा अर्जुन लावा. त्याहून जवळ मोठं झाड नको, कारण काळ्या मातीत मुळं उन्हाळ्यात ओल ओढून घेतात आणि त्या बाजूची जमीन खचते. आधीच उभ्या असलेल्या झाडांना वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. तसा प्रसंगच येऊ नये म्हणून आखणी झाडं बघूनच करावी.

परवानग्यांत वेळ जातो, म्हणून पावसाळ्यातच कागद फिरवायला लागा. बागेची मालकी महापालिकेची की नागपूर सुधार प्रन्यासची हे आधी स्पष्ट करून घ्या. मग उद्यान विभागाची संमती, पूररेषेचा दाखला, नगररचना विभागाची मंजुरी, असा क्रम धरा.

माती: तीन खड्डे आणि दोन काचेच्या नळ्या

शहराच्या पश्चिमेला दख्खनचा काळा पाषाण आहे, पूर्वेकडे त्याहून जुने नाइस खडक. पण नदीकाठी खडकाच्या आधी भेटते ती शहरानं टाकलेली भर. वर्षानुवर्षांचा मलबा, विटांचे तुकडे, प्लास्टिक, जुन्या गटाराचे नळ. वर सुंदर हिरवळ असते आणि खाली सव्वा मीटर कचरा.

म्हणून नियोजित जोत्यात तीन खड्डे घ्या: एक नदीकडच्या कोपऱ्यात, एक त्याच्या समोरच्या कोपऱ्यात, एक मधोमध. प्रत्येक १.२ × १.२ मीटर, ३ मीटर किंवा पक्का मुरूम लागेपर्यंत. दीड मीटरच्या खाली माणूस उतरवण्याआधी बाजूंना फळ्या आणि टेकू द्या. मलब्याची बाजू कोसळताना आधी सांगत नाही. नदीकडच्या खड्ड्यात गटाराचा वास आला तर कोणालाही आत उतरवू नका, यंत्रानंच खणा.

खड्ड्यात साधारण हा क्रम दिसतो: वर बागेची माती, मग मलबा, मग चिकट काळी माती, तिच्या खाली चुनखडीचे पांढरे खडे असलेली पिवळसर माती, आणि मग मुरूम. प्रत्येक थराची जाडी टेपनं मोजून लिहा आणि काळ्या मातीचे नमुने बंद पिशवीत घेऊन प्रयोगशाळेत द्या. नागपुरात अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि खासगी प्रयोगशाळांत ही सोय आहे.

माती किती फुगते हे बघायची चाचणी साधी आहे आणि काम करून घेणाऱ्यानं ती एकदा समोर बसून बघावी. वाळवून कुटलेली माती ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळतात. प्रत्येकी १० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या दोन नळ्यांत घालतात. एका नळीत पाणी, दुसरीत रॉकेल. हलवून हवेचे बुडबुडे काढतात आणि २४ तास ठेवतात. रॉकेलमधली माती फुगत नाही, ती तळाशी गप्प बसते. पाण्यातली वर चढते. रॉकेलमध्ये १० मिलिलिटर आणि पाण्यात १७ मिलिलिटर भरली, तर फरक ७, म्हणजे फुगवटा ७० टक्के. ५०च्या वर आकडा गेला की ही माती फरशीखाली एक घमेलंसुद्धा ठेवायची नाही.

पाया

मुरूम अडीच मीटरच्या आत लागला तर प्रत्येक खांबाखाली स्वतंत्र फुटिंग (काँक्रीटचा रुंद तळठोकळा) सगळ्यात भरवशाचं. आपल्या मंडपाला २ मीटर खोलीवर १.२ × १.२ मीटरचं, ४०० मि.मी. जाडीचं फुटिंग धरा. उभ्या भाराचा विचार केला तर याहून लहान चाललं असतं. हे माप फुटिंगवर बसणाऱ्या मातीसाठी आहे: १.६ मीटर मातीचा तो ठोकळा चार टनांच्या आसपास भरतो आणि खांबाला खाली धरून ठेवतो. पुरात माती पाण्याखाली गेली की हे वजन निम्म्यावर येतं, हिशेब त्या निम्म्याचाच करायचा.

मुरूम खोल असेल आणि काळी माती सलग असेल तर अंडर-रीम पाइल, म्हणजे खाली फुगा असलेला, जमिनीत ओतलेला काँक्रीटचा खांब घ्या. दांडा ३०० मि.मी., खालचा फुगा ७५० मि.मी., लांबी साडेतीन ते चार मीटर. वरची माती वर्षभर फुगते-आकसते, साधारण साडेतीन मीटरखाली ती हालचाल थांबते, आणि फुगा तिथे नांगरासारखा अडकतो. मात्र मलब्यात किंवा भूजलाच्या खाली हा फुगा कापताना भोकाची बाजू ढासळते आणि वर कोणाला कळत नाही. अशा जागी केसिंग (भोकाची बाजू धरणारी नळी) घालून मुरुमात उतरलेली सरळ पाइलच घ्यावी.

आखणी करताना ६ आणि ९ मीटरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण १०.८१७ मीटर आले पाहिजेत. दोन कर्णांत ५ मि.मी.पेक्षा जास्त फरक असेल तर लाइनदोरी पुन्हा लावा. इथली चूक वर कैचीत (छताच्या त्रिकोणी सांगाड्यात) जाऊन बसते आणि तिथे वेल्डिंगनं झाकली जाते.

खड्डा उघडा ठेवू नका. काळी माती दोन-तीन दिवस उन्हात राहिली की बाजूंना भेगा पडतात, आणि मधेच पाऊस आला तर तळ चिखल होऊन फुगतो. खणणं, तळ धुमसणं आणि १०० मि.मी. पीसीसी (तळाचं साधं, बिनसळईचं काँक्रीट) हे एकाच दिवसात उरका. म्हणून आठही खड्डे एकदम न खणता दोन-दोन घ्यावेत.

आता सर्रास होणारी चूक. फुटिंग झालं की बाजूच्या पोकळीत रेती भरतात, कारण रेती बसवायला सोपी. भोवती काळी माती पाणी आत सोडत नाही, म्हणून पावसाचं सगळं पाणी त्या रेतीत साठतं आणि खांबाच्या बुडाशी विहीर तयार होते. चारही बाजूंची काळी माती तिथून पाणी पिऊन महिनाभर फुगत राहते. पोकळीत चिकटपणा असलेला मुरूमच भरावा, २०० मि.मी.चे थर, हलकं पाणी, प्रत्येक थरावर धुमस किंवा रॅमर.

प्लिंथ बीम (खांबांना जोत्यात जोडणारी तुळई) २३० × ४५० मि.मी., बाहेरची ३० मीटर आणि आडव्या दोन मिळून ४२ मीटर. बीमचा तळ जमिनीखाली १५० मि.मी. येतो. त्याच्या खाली १०० मि.मी.ची पोकळी सोडा. काँक्रीट ओतताना तिथे मऊ थर्माकोल ठेवतात, माती फुगली की ती थर्माकोलला दाबते, बीमला नाही. पोकळीत बाहेरची माती घुसू नये म्हणून बीमच्या बाहेरून कडाप्पाची उभी पट्टी लावा. ही पोकळी विसरली की दोन पावसाळ्यांत बीमच्या मध्यावर वरच्या अंगाला भेग दिसते.

जोतं, फरशी, पाण्याची वाट

जोतं जमिनीपासून ६०० मि.मी. धरू. बीमच्या वर काळ्या पाषाणाचं २३० मि.मी. बांधकाम. आत आणि भोवती ६०० मि.मी.पर्यंत, म्हणजे ११.४ × ८.४ मीटर क्षेत्रातली काळी माती ७५० मि.मी. खोल काढून टाका. ही ७२ घनमीटर माती बागेतच पसरू नका, नदीकाठी तर मुळीच नको. तिच्या जागी आणि जोत्याच्या भरावात मिळून दाबलेला मुरूम साधारण ९२ घनमीटर लागतो. सुटा मुरूम त्याच्या सव्वापट ते एक-तृतीयांश जास्त मागवावा लागतो, म्हणजे ४२ ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) आसपास. मुरूम घेताना मूठभर ओला करून बघा: हातात गोळा व्हावा, पण वाळल्यावर भेगा पडू नयेत. लाल दिसला म्हणून घेऊ नका.

मुरुमावर १५० मि.मी. सोलिंग (दगडांचा थर), त्यावर १२५ मि.मी. जाड एम-२५ प्रतीच्या काँक्रीटची लादी, ८ मि.मी. सळईची जाळी दोन्ही दिशांना २०० मि.मी.वर. लादी खांबांना आणि बीमला चिकटवू नका, भोवती १२ मि.मी.ची फट ठेवून ती सीलंटनं भरा. लादी थोडी हलली तर हलू दे, खांबाला धक्का नको.

फरशीला घासून चकाकणारी कोटा लावू नये. पहिल्या पावसाच्या शिंतोड्यात म्हातारी माणसं घसरतात. रफ कोटा २५ मि.मी., ६ मि.मी. सांधे, मधोमध कणा धरून दोन्हीकडे १०० मि.मी.ला १ मि.मी. उतार. कडेचा दगड टाकीनं टोचून खडबडीत केलेला ठेवा.

पायऱ्या चार, १५० मि.मी. उंच आणि ३०० मि.मी. रुंद. रॅम्प १ः१२, म्हणजे ६०० मि.मी. चढायला ७.२ मीटर लांब, रुंदी १.५ मीटर, दोन्ही बाजूंना ७०० आणि ९०० मि.मी. उंचीचे कठडे. रॅम्प जागेअभावी उभा केला की तो चाकाच्या खुर्चीला चढत नाही आणि पावसात सगळ्यांनाच धोका. जागा नसेल तर रॅम्प वळवा, उतार वाढवू नका.

छताला पन्हाळी लावावी की नाही? बागेत पानगळ भरपूर, साफ करणारं कोणी नाही, पन्हाळी दुसऱ्या वर्षी तुंबते आणि पाणी उलटं कैचीत शिरतं. पन्हाळी नसलेलीच बरी. मात्र तासाला ५० मि.मी. पाऊस पडला तर या छतावरून ४,२०० लिटर पाणी खाली येतं, आणि ते जोत्याच्या कडेला जिरलं तर वरचा सगळा खटाटोप वाया. म्हणून जोत्याभोवती १.२ मीटर रुंद दगडी पट्टा करा: खाली दाबलेला मुरूम, वर २३० मि.मी. दगड, सांधे सिमेंटनं बंद, उतार बाहेर. वळचणीची धार जोत्यापासून ३०० मि.मी. बाहेर पडते, तिथेच ४५० मि.मी. रुंद उथळ दगडी नाली काढून पाणी मंडपापासून दूरच्या चराकडे न्या. पुराच्या वेळी हाच पट्टा जोत्याच्या कडेची माती वाहून जाऊ देत नाही.

खांब आणि उन्हाळ्यातलं काँक्रीट

खांब गोल घ्या, ४०० मि.मी. व्यासाचे, फरशीपासून २.९ मीटर. पुरात फांद्या, जलपर्णी, प्लास्टिक वाहत येतं. चौकोनी खांबाला ते अडकून गठ्ठा होतो आणि पाण्याचा जोर त्या गठ्ठ्यावर बसतो. गोल खांबावरून बरंचसं सरकून जातं. याच कारणानं दोन खांबांमध्ये बैठकीच्या सलग भिंती बांधू नयेत. बसायला सुटे दगडी बाक, ४५० मि.मी. उंच, प्रवाहाच्या दिशेला समांतर.

प्रत्येक खांबात १६ मि.मी.च्या आठ सळया, ८ मि.मी.ची कडी १५० मि.मी.वर. काँक्रीट एम-३०, कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ४५ मि.मी. साध्या घराच्या खांबाला याहून कमी चालतं, पण इथे बुडखा ओला-सुका होत राहतो आणि आपल्या नद्यांत सांडपाणी वाहतं. त्या ओलीतले क्षार आणि गॅस सळईला लवकर गाठतात. कव्हर ब्लॉक काँक्रीटचेच वापरा, गिट्टीचा तुकडा खोचून भागवू देऊ नका.

सिमेंटच्या एका पोत्याला पाणी साडेबावीस लिटर, त्याच्या वर नाही. रेती ओली असेल तर त्याहून कमी. मिस्त्री पाणी वाढवतो ते मिश्रण सरकावं म्हणून. ते काम प्लास्टिसायझरनं (मिश्रण सरकतं करणाऱ्या रसायनानं) करा. रेडीमिक्सचा भरलेला ट्रक २५ टनांच्या पुढे जातो, तो बागेतून काठाकडे नेणं पायवाटेला आणि संरक्षक भिंतीला दोघांनाही झेपत नाही. १४ घनमीटर एम-३० साठी जागेवरचा मिक्सर पुरतो. सगळ्या कामाला मिळून सिमेंट २०० पोती, रेती चार ब्रास, गिट्टी साडेसात ब्रास आणि सळई दीड ते पावणेदोन टन लागते. कन्हानची रेती घेतली तरी ती धुतलेली आहे का ते बाटलीत पाण्यात हलवून बघा, वर गाळाचा जाड थर बसला तर परत पाठवा.

खांब एप्रिल-मेमध्ये ओतायची वेळ आलीच तर रात्री ओता. दिवसा ४५ अंशांत गिट्टी हात लावू देत नाही, पाण्याच्या टाकीतलं पाणी चहाइतकं गरम होतं, आणि अर्ध्या तासात मिश्रण घट्ट होऊ लागतं. दुपारपासून गिट्टीवर ओलं गोणपाट टाका, टाकीला सावली करा, पाण्यात बर्फ घाला, ओतताना काँक्रीट ३५ अंशांच्या आत ठेवा. छाप (काँक्रीट ओतायचा साचा) काढला की लगेच खांबाला गोणपाट गुंडाळा आणि पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर १४ दिवस ते ओलं राहू द्या. दिवसातून दोनदा पाइप फिरवणं म्हणजे पाणी मारणं नव्हे: मेमध्ये गोणपाट तासा-दीड तासात कोरडं होतं. खांबाच्या वरच्या टोकाला छिद्र पाडलेला डबा टांगून थेंब-थेंब पाणी सोडलं तर रात्रीही ओल टिकते.

काँक्रीटची ताकद तपासायचे क्यूब १५० मि.मी.चे. ५ घनमीटरपर्यंत एक नमुना, १५ घनमीटरपर्यंत दोन, आणि प्रत्येक नमुन्याला २८ दिवसांसाठी तीन क्यूब.

खांबाच्या डोक्यात कैचीसाठी २० मि.मी.चे चार बोल्ट, १५० मि.मी. चौकोनात, ५५० मि.मी. खोल, खाली वाकवलेले. बोल्ट हातानं खुपसू नका. प्लायवुडचा साचा करून तो छापाला खिळा, बोल्ट सळयांना बांधा, मगच ओता. बोल्ट १० मि.मी. सरकला की फिटर गॅसनं प्लेटचं भोक मोठं करतो आणि तिथली पकड गेली.

छत

नागपूर वाऱ्याच्या नकाशात सेकंदाला ४४ मीटरच्या पट्ट्यात येतं. मोकळ्या छताखाली वारा शिरला की दर चौरस मीटरला १०० किलोच्या आसपास उचल धरावी लागते. ८४ चौरस मीटरला ती साडेआठ टन होते. छताचं स्वतःचं वजन, कौलं, पत्रा, पोलाद मिळून, साडेपाच ते सहा टन. म्हणजे मोठ्या वादळात छताला वर जायचं असतं, आणि सुरक्षिततेचे गुणक लावले की खांबामागे सुमारे एक टन ओढ येते, कोपऱ्यात त्याहून जास्त. कैचीपासून फुटिंगपर्यंत कुठेही नुसतं टेकवलेलं काही नको, प्रत्येक सांधा बोल्टनं किंवा पूर्ण वेल्डिंगनं धरलेला हवा.

नुसता पत्रा लावू नये. मेमध्ये तो इतका तापतो की खाली सावली असूनही डोक्यावर तवा धरल्यासारखं वाटतं. नुसतं मंगळुरी कौल थंड असतं, पण झाडांच्या बागेत वानरांचे कळप येतात, त्यांनी उड्या मारल्या की कौलं फुटतात आणि पहिल्या पावसात गळतं. दोन्ही एकत्र केलं की प्रश्न सुटतो. पर्लिनवर (कैच्यांवरच्या आडव्या पोलादी दांड्यांवर) ०.५ मि.मी. गॅल्व्हल्यूम पत्रा, त्यावर उताराच्या दिशेनं २५ मि.मी. चौकोनी पाइप, त्यावर आडव्या रिपा, त्यावर कौलं. कौल आणि पत्रा यांमध्ये ५० मि.मी. हवा राहते, ती वळचणीकडून आत येते आणि आढ्याकडून बाहेर जाते. कौल फुटलं तरी पाणी पत्र्यावरून खाली उतरतं. वळचण आणि आढ्याच्या फटी जाळीनं बंद करा, नाहीतर पारवे आणि खारी आत घर करतात.

उतार २५ अंश ठेवा, आढं कडेपासून १.८ मीटर वर येतं. दोन्ही पाख्यांचं क्षेत्र ९३ चौरस मीटर, कौलं चौरस मीटरला १५ धरून आणि फूटतूट मिळवून १,५००, आढ्याची वेगळी ३६. रिपांचं अंतर साधारण ३२० मि.मी., पण कौलांची गाडी उतरल्यावर दहा कौलं जमिनीवर ओळीनं बसवून मोजा आणि मग रिपा ठोका. वेगवेगळ्या भट्टीच्या कौलांत काही मिलिमीटर फरक असतो, तो ओळीमागून ओळ साठत जातो आणि आढ्याजवळची शेवटची ओळ नीट बसू देत नाही. वळचणीच्या, आढ्याच्या आणि दोन्ही टोकांच्या तीन-तीन ओळी तारेनं रिपेला बांधायच्या. तांब्याची तार नदीच्या गॅसनं काळी पडून झिजते, स्टेनलेस स्टीलची वापरा. पत्र्याचे स्क्रू नेहमी उंचवट्यावर, खोलगट भागात नाही.

कैच्या चार, चौकोनी पाइपच्या, पोलाद सगळं मिळून दीड टन. पाइपचं प्रत्येक उघडं तोंड प्लेट लावून वेल्ड करा. एक तोंड उघडं राहिलं की आत ओल बसते आणि पाइप आतून गंजत जातो, बाहेरचा रंग शेवटपर्यंत छान दिसतो. शक्य असेल तर सगळं गरम जस्तात बुडवून आणा आणि जागेवर बोल्टनं जोडा. डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत पोलादाच्या तापमानात ५५ अंशांचा फरक धरला तर १०.८ मीटरची पर्लिन ७ मि.मी. लांब-आखूड होते. म्हणून एका टोकाच्या कैचीवर लांबट भोकं ठेवा आणि तिथले बोल्ट हातानं घट्ट करून लॉकनट लावा.

वीज

बोर्ड आणि सगळे सॉकेट फरशीपासून दीड मीटरच्या वर. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच, वेगळा अर्थिंगचा खड्डा हवा. दिवे पिवळसर आणि खाली तोंड केलेले घ्या, पांढऱ्या उजेडाला पहिल्या पावसानंतर नदीकाठचे किडे ढगासारखे जमतात. विदर्भात वळवाच्या वादळात वीज पडते आणि लोक नेमके मंडपाखाली धावतात. कैचीपासून समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पट्टी जमिनीत वेगळ्या अर्थिंगपर्यंत उतरवा, माणसाचा हात पोचेल तेवढ्या उंचीपर्यंत ती पीव्हीसी नळीत झाका.

केव्हा काय

माती-तपासणी पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. खणणं आणि फुटिंग डिसेंबर-जानेवारीत, जमीन कोरडी, थंडी काँक्रीटला मानवते. खांब आणि बीम फेब्रुवारीअखेर. कैच्या याच काळात वर्कशॉपमध्ये तयार होतात. मार्चमध्ये छत, एप्रिलमध्ये फरशी आणि दगडी पट्टा. पाऊस जूनच्या मध्यावर येतो, पण वळीव आणि वादळं एप्रिल-मेमध्येच येतात. त्यामुळे अर्धवट बांधलेलं छत, नुसते पत्रे टेकवलेले आणि स्क्रू बाकी, असं एक रात्रही ठेवू नका.

दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात, महापालिका नदीतला गाळ काढते त्याच सुमारास, मंडपाची एक फेरी करा. फुटलेली कौलं बदला, दगडी पट्ट्याचे सुटलेले सांधे भरा, नाली साफ करा, लॉकनट तपासा, फरशीभोवतीची फट बघा. पहिली तीन वर्षं आठही खांबांच्या बुडाशी एक ठरावीक खूण करून ऑक्टोबरात आणि मेमध्ये लेव्हलनं तिची उंची मोजून वहीत लिहा. दोन नोंदींत ५ मि.मी.हून जास्त फरक एकाच खांबाला दिसला, तर त्या खांबाच्या बाजूला कुठून तरी पाणी मुरतंय. बहुतेक वेळा तो बागेतल्या ठिबकचा फुटलेला नळ किंवा तुंबलेली नाली असते, आणि तो शोधून दुरुस्त करायला एक दिवस पुरतो.